बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एक दिवस: सासूबाई, दोन मुलं आणि गुळपोळ्या. काय जमेल?

कोरांटी | सोमवार, ८ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीकर. येत्या सोमवारी, १५ तारखेला संक्रांत. मुलांच्या शाळेला सुट्टी आहे, नवऱ्याने रजा टाकलीय, मीही टाकणार. घरात वर्षभर "नॅशनल पार्क, नॅशनल पार्क" चाललंय, म्हटलं या वेळी जाऊनच येऊ.

माणसं अशी: आम्ही दोघं, मुलगा ११, मुलगी ६, सासूबाई ७२. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. "मला घरी ठेवून गेलात तर गुळपोळ्याही घरीच राहतील" असं बजावून ठेवलंय त्यांनी.

मनातला बेत: सकाळी ८ ला गेटवर, मग वाघ-सिंह सफारी, वनराणी (छोटी आगगाडी), बोटिंग, कान्हेरीची लेणी, गांधी टेकडी, आणि ५ च्या सुमारास परतीची गाडी. एवढं होईल ना? डोंबिवलीहून कसं यावं? जेवण बरोबर न्यावं का? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

---

पश्चिमद्रुत | ८ जानेवारी, दुपारी १.१०

सोमवारी बंद असतं.

---

ऑम्लेटपाव | ८ जानेवारी, दुपारी १.१४

पहिल्याच चेंडूवर त्रिफळा :)

---

कोरांटी | ८ जानेवारी, दुपारी १.४०

अरे देवा. नवऱ्याची रजा मंजूरसुद्धा झाली होती! असो, आता शनिवारी २० तारखेला. मुलांना शनिवारी सुट्टी असते. गुळपोळ्या पाच दिवस टिकतात असं सासूबाईंचं म्हणणं आहे, तेव्हा तो प्रश्न मिटला. बाकीचं सांगा.

---

उंबर | ८ जानेवारी, रात्री ९.३०

कोरांटी, तुमचा बेत वाचून दम लागला. एका दिवसात एवढं करायला गेलात तर दिवसभर रांगा आणि रस्ते तेवढे दिसतील.

पहिली गोष्ट, आपण सगळे "पार्क" म्हणतो आणि डोक्यात हिरवळ, कारंजं, भेळवाला येतो. ही बाग नाही. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, बोरिवलीपासून पलीकडे मुलुंड आणि ठाण्याच्या येऊरपर्यंत पसरलेलं. आपल्याला फिरायला मोकळा असतो तो त्याचा एक कोपरा. त्यातही मुख्य गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत. हे अंतर आधी डोक्यात बसवा, मग बेत आखा.

दुसरी गोष्ट, वनराणी बंद आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांची वाट लागली, तेव्हापासून ती धावलेली नाही. मुलीला आधीच सांगून टाका, गेटवर रडारड नको.

मी तुमच्या जागी असतो तर सकाळची पहिली बस धरून थेट कान्हेरी गाठली असती. दुपारी उन्हाने कातळ तापायच्या आत लेणी बघायची, खाली उतरून जेवायचं, मग परतताना अंगात त्राण असेल तर गेटजवळचं बाकीचं. बहुतेक लोक उलटं करतात. गेटजवळ अर्धा दिवस घालवतात आणि भर एक वाजता, लेकरं कावलेली असताना, कान्हेरीच्या पायऱ्या चढतात. मग घरी जाऊन म्हणतात, काय नुसते दगड.

गेट ते कान्हेरी हा रस्तासुद्धा बघण्यासारखा आहे. बसमध्ये खिडकी मिळवा. चितळ दिसतातच, वानरं दिसतात, नशीब असेल तर धनेश पक्षी. मुलगा ११ चा असेल तर परत कधीतरी बाप-लेकांनी गेटवर भाड्याने सायकली घ्याव्यात. चढ आहे, जाताना घाम निघतो आणि येताना पायडल मारावं लागत नाही.

जाता जाता, हे वर्ष कारवीचं आहे, आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप. २००८, २०१६ आणि आता २०२४. पावसाळा संपताना पुन्हा जा. आत्ता जानेवारीत ती नुसती खरखरीत पानांची काटकी दिसेल, कोणी ढुंकूनही बघत नाही तिच्याकडे.

---

मुलुंडचा_पाहुणा | ८ जानेवारी, रात्री १०.०५

उंबर यांना +१. फक्त "पलीकडे मुलुंड" हे खटकलं. आमच्या दृष्टीने बोरिवलीच पलीकडे आहे. हलके घ्या.

---

रहाटगाडगे | ९ जानेवारी, सकाळी ८.२०

डोंबिवलीहून यायचं तर दादरला बदलून बोरिवली हा जुना मार्ग आहेच, पण सासूबाईंना शनिवारी सकाळी दादरचा पूल? नको. त्यापेक्षा फास्ट गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रोने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशन, पुलावरून चालत गुंदवली, आणि गुंदवलीहून दुसरी मेट्रो. स्टेशनचं नावच "राष्ट्रीय उद्यान" आहे. सरकते जिने, लिफ्ट, सगळं आहे. उतरलात की चालत गेट. पैसे थोडे जास्त जातील, गुडघे वाचतील.

ठाण्याहून घोडबंदर रोडने बसही येते. घोडबंदरला ट्राफिक लागलं तर मात्र गुळपोळ्या बसमध्येच संपतील.

---

ऑम्लेटपाव | ९ जानेवारी, सकाळी १०.१५

मुलांना लेणी? ६ वर्षांच्या मुलीला? अहो, वाघ दाखवा तिला. सफारी सोडू नका. २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून सिंहाची जोडी आणलीय, बदल्यात आपले वाघ तिकडे पाठवले. पोरं खूश होतात. आमची अजून त्या सिंहाची नक्कल करते.

---

उंबर | ९ जानेवारी, सकाळी ११.००

सफारीतले वाघ-सिंह कुंपणातले आहेत. बघावेत जरूर, पण "जंगलात वाघ पाहिला" असं मुलांना सांगू नका. या जंगलातलं खरं मोठं जनावर म्हणजे बिबट्या, आणि तो तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही त्याला दिसाल :)

---

ऑम्लेटपाव | ९ जानेवारी, सकाळी ११.०४

साहेब, सहा वर्षांच्या पोरीला कुंपणाचं काय? आयाळ दिसली पाहिजे.

---

कोरांटी | ९ जानेवारी, दुपारी १२.३०

बिबट्या!! हे सासूबाईंना सांगू की नको?

---

मुलुंडचा_पाहुणा | ९ जानेवारी, दुपारी १.१५

सांगा बिनधास्त. आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि जंगल यांच्यामध्ये एक नाला आहे फक्त. वीस वर्षं राहतोय. वॉचमनने चारदा पाहिलाय, मी एकदा, तेही रात्री पावणेदोनला, आणि तो माझ्याकडे न बघता शांतपणे नाल्याकडेने निघून गेला. मीच दोन दिवस ऑफिसात सांगत सुटलो होतो.

२००४ साल वाईट होतं, तेव्हा लागोपाठ हल्ले झाले. त्यानंतर वन खातं, अभ्यासक आणि आजूबाजूचे लोक यांनी एकत्र बसून बरंच काम केलं. कॅमेरे लावून मोजणी केली तेव्हा २०१५ मध्ये उद्यान आणि लगतच्या भागात ३५ बिबटे निघाले, २०१८ मध्ये ४७. एवढे बिबटे शेजारी घेऊन हे शहर झोपतं. आमच्याकडे नियम साधे: कचरा उघडा टाकायचा नाही, कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांना तो. आणि अंधारात लहान मुलांना एकटं सोडायचं नाही. तुम्ही दिवसा, शंभर माणसांत, बसने जाणार. काळजीचं कारण नाही.

आतल्या पाड्यांवरचे वारली त्याला वाघोबा म्हणतात, पूजा करतात. माझ्या मते ते आपल्यापेक्षा शहाणे. आपण त्याचे व्हिडिओ काढतो.

---

नारायणपेठी | ९ जानेवारी, दुपारी ४.००

आमच्या पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी आहे. वनराणी वगैरे सगळं नंतरचं.

---

पश्चिमद्रुत | ९ जानेवारी, दुपारी ४.०२

आले.

---

मेपलची_पानं | ९ जानेवारी, रात्री ११.५०

वनराणी बंद आहे हे इथेच कळलं, वाईट वाटलं. आता टोरांटोत असते, पण पाचवीतली सहल अजून आठवते. बोगदा आला की सगळा वर्ग एकसुरात किंचाळायचा आणि बाई स्वतःचे कान झाकायच्या. बोगदा होता एवढासा. किंकाळी अर्धी असतानाच उजेड यायचा, मग उरलेली किंकाळी उजेडात.

इथे घराजवळ मोठं पार्क आहे, पायवाटा, पाट्या, बाक, सगळं जिथल्या तिथे. पण काकडी-मसाला नाही.

---

ब्राह्मी_गिरवतोय | १० जानेवारी, सकाळी ७.४५

कोरांटीताई, कान्हेरीबद्दल थोडं लिहितो. नुसते दगड वाटू नयेत म्हणून.

इथे शंभरावर बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं इथे वस्ती होती. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, त्याचं प्राकृतात कण्हगिरी, त्यावरून कान्हेरी. सगळी लेणी बघायला दोन दिवस पुरणार नाहीत, म्हणून सासूबाईंसह फक्त १, २ आणि ३ करा. प्रवेशापासून जवळच आहेत. तीन नंबर म्हणजे चैत्य. आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. कार्ल्याचं चैत्य पाहिलं असेल तर लगेच ओळखीचं वाटेल, त्याच्याच धर्तीवर आहे. यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात दोघा व्यापारी भावांनी ते खोदवायला घेतलं, हे तिथल्या लेखातच आहे. व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, त्या चैत्यानंतरच्या. मुलीला मूर्तीच्या पायाशी उभं करा, म्हणजे उंचीचा अंदाज येईल.

मुलगा आणि बाबा यांनी ११ नंबरपर्यंत जावं. दरबार म्हणतात त्याला. लांब हॉल आणि जमिनीतून वर कोरून काढलेले दोन लांबच लांब दगडी ओटे. वेरूळच्या पाच नंबरमध्ये असंच आहे. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत बाक लावतात तसे. अजून दम असेल तर ४१ नंबरात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे. मुलांना डोकी मोजायला आवडतात.

पण माझ्या मते कान्हेरीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक टाकं आहे. शिलालेखांत त्याला "पोढी" म्हटलंय. कुणीतरी कल्याणचा, कुणी सोपाऱ्याचा, कुणी चेमुल म्हणजे चौलचा, लेणं दान करतो आणि बरोबर पोढीही दान करतो. डोंगरावर कातळात बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी वाहत येऊन टाक्यात पडावं म्हणून. तुमच्या कल्याण-डोंबिवलीच्या बाजूच्या माणसाचे पैसे त्यात आहेत म्हणा ना.

अवांतर: ९० नंबरात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. काही पारशी मंडळी फिरायला आली आणि आपली नावं कोरून गेली. म्हणजे दिवसाची सहल काढून कान्हेरीला यायची पद्धत हजार वर्षं जुनी आहे. नावं मात्र तुम्ही कोरू नका.

लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, ते पुरातत्त्व खात्याचं. १५ वर्षांखालच्यांना लागत नाही.

---

शेवगा | १० जानेवारी, सकाळी ९.१०

वाचनखूण साठवली.

---

दहिसरची_पोर | १० जानेवारी, सकाळी ९.४०

सगळ्यांनी सगळं सांगितलं, माकडांबद्दल कोणीच नाही? कान्हेरीची माकडं लेणी नंतर बघतात, पिशव्या आधी. हातात पिशवी दिसली की संपलं. प्लास्टिकची चुरचुर ऐकूनच येतात. डबे बॅगेत, बॅगेची चेन बंद, बॅग पाठीला नव्हे पोटाला. आणि लेण्यात खायला काढायचं नाही.

---

विसरभोळा | १० जानेवारी, सकाळी १०.३०

सासूबाईंसाठी राणीबाग जास्त बरी नाही का? सपाट आहे, बाकडी आहेत, पेंग्विन आहेत. १८६१ पासूनची झाडं, सावली छान. फक्त बुधवारी बंद.

---

कोरांटी | १० जानेवारी, दुपारी १.००

राणीबाग झालीय दोनदा. सासूबाईंना "जंगलच" पाहिजे. त्यांचं माहेर मुरबाडकडचं, लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या, तेव्हापासून चाळ, मग डोंबिवलीचा ब्लॉक. "झाडं कुंडीत बघून कंटाळा आला" म्हणतात.

तर बेत बदलला: मेट्रो, पहिली बस, कान्हेरी १-२-३, जेवण. बाकी जमलं तर. सगळ्यांचे खूप आभार. आल्यावर लिहिते.

---

कोरांटी | रविवार, २१ जानेवारी, रात्री १०.१५

वृत्तांत लिहिते म्हटलं होतं, तर घ्या. लांबलाय.

घाटकोपरला आठच्या आत होतो. मेट्रोत सासूबाईंना पहिल्यांदाच खिडकीपाशी जागा मिळाली आणि त्या हायवेवरच्या गाड्या वरून बघत "एवढी माणसं कुठे चाललीत शनिवारची?" असं म्हणत होत्या. आपणही त्यातलेच, हे बाजूलाच राहिलं. नऊच्या आसपास गेट. सफारीची खिडकी दिसली, मुलीने सिंहाची पाटी वाचली (हल्लीच वाचायला लागलीय, सगळं वाचते) आणि माझ्याकडे बघितलं. मी उंबर यांचं नाव मनात घेऊन बसकडे वळले. ऑम्लेटपाव, तुमचा शाप लागला असणार, पुढे येतंच.

रस्त्यात चितळ दिसले. चांगले सात-आठ, रस्त्यापासून वीस पावलांवर, बसकडे मान वर करून बघितलं आणि परत चरायला लागले. मुलगी म्हणाली, "हे खरे आहेत?" म्हटलं हो. "म्हणजे यांना कोणी आणलं नाही?" या प्रश्नावर नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

कान्हेरीला उतरलो तिथे पाड्यावरच्या दोन बायका काकड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांचं काकडी कापणं मी उभी राहून बघितलं. देठाकडचं टोक घासून कडू फेस काढायचा, मग उभी चार भागांत चिरायची, पण बुडाला न तोडता, म्हणजे काकडी फुलासारखी उघडते. मग मीठ-तिखट अंगठ्याने आतपर्यंत चोळायचं आणि परत मिटून हातात द्यायची. घरी करून बघितली, प्रत्येक वेळी बुडापासून तुटते.

तीन नंबरपर्यंत सासूबाई आल्या. हळूहळू, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, पण आल्या. चैत्यात शिरल्यावर चप्पल काढली. कोणी सांगितलं नव्हतं. आत थंडगार, आणि आवाज असा घुमतो की मुलीने "आई" म्हटलं आणि दचकून माझा हात धरला. मग आवडलं, मग सतराशे साठ वेळा "आई". मूर्तीच्या पायाशी तिला उभं केलं, पावलाच्या जरा वर येते. फोटो आहे.

आता माकड. दहिसरच्या पोरी, तू सांगितलं होतंस, मी घरात वाचूनही दाखवलं होतं. डबे बॅगेत, चेन बंद, बॅग नवऱ्याच्या पोटाला. पण चैत्यातून बाहेर आल्यावर नवऱ्याला वाटलं, एक पोळी मोडून सगळ्यांना तुकडा-तुकडा द्यावा, आईने एवढ्या प्रेमाने केल्यात. डबा काढला. झाकण उघडायच्या आत एक माकड कठड्यावरून आलं, आवाज नाही काही नाही, दोन्ही हातांनी डबा धरला आणि ओढला. नवऱ्यानेही ओढला. तीन सेकंद ऑफिसमध्ये मॅनेजर असलेला माझा नवरा आणि ते माकड डब्याच्या दोन बाजूंना होते. मग त्याने दात दाखवले (माकडाने) आणि आमच्याने डबा सोडला.

झाकण उडालं, पोळ्या पसरल्या, आणखी चार माकडं आली. गेल्या दहाच्या दहा. डबा नंतर वरच्या पायरीवर मिळाला, चाटूनपुसून. सासूबाई रागावतील म्हणून आम्ही सगळे गप्प. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, संक्रांतीचं वाण गेलं म्हणायचं." मग जरा थांबून, "तूप जरा कमी पडलं होतं, त्यांना कळणार नाही."

मग आम्ही सासूबाईंना आणि मुलीला व्हरांड्याशी सावलीत बसवलं आणि मुलगा-नवरा दरबार बघायला गेले. (ओटे आवडले. "इथे मिसळ खाता आली असती" असा अभिप्राय. अकरा डोकी राहिली.) मी थांबले. आणि खरं सांगते, दिवसातला सगळ्यात चांगला तास तोच.

आम्ही बसलो होतो तिथून जवळ एक पोढी होती. जानेवारीतही पाणी. हिरवट, पण बरंच. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी माणसं राहायची, पाणी कुठून आणायची? नदी तर दिसत नाही." मी ब्राह्मी यांनी लिहिलेलं सांगितलं. मुलगी लगेच पन्हळ शोधायला लागली. आणि मिळाली! टाक्याच्या वरच्या कातळात, चार बोटं रुंद, तिरकी उतरलेली. तिने पिंपळाचं एक वाळकं पान त्यात ठेवलं आणि फुंकर मारत मारत तोंडापर्यंत नेलं. मग परत वर. मग परत. दीड तास. सिंहाचं नाव काढलं नाही.

सासूबाई मग चाळीबद्दल बोलायला लागल्या. मी अठरा वर्षं त्यांची सून आहे, हे कधी ऐकलं नव्हतं. नळ पहाटे चारला यायचा. मजल्यावर सोळा बिऱ्हाडं, एक नळ. रात्रीच हंडे रांगेत लावून ठेवायचे, आणि हंड्यावर खूण म्हणून प्रत्येकीची वेगळ्या रंगाची चिंधी. यांची पिवळी. एकदा कोणीतरी चिंध्या अदलाबदल केल्या, त्यावरून दोन बिऱ्हाडं सहा महिने बोलत नव्हती. "यांचं बरं होतं," टाक्याकडे बघत म्हणाल्या, "दारातच पाणी."

जेवण खाली येऊन केलं, ठेपले आणि लोणचं, दुसऱ्या बॅगेत होतं म्हणून वाचलं. परतताना चार वाजले होते, सगळे पेंगत होते, गांधी टेकडी, बोटिंग, सफारी, काहीही नाही. पाचपैकी एक वस्तू बघून आलो. नवऱ्याला थोडी रुखरुख आहे. माझ्या डोक्यात अजून ते पान चाललंय.

---

ऑम्लेटपाव | २१ जानेवारी, रात्री १०.३०

माकडांनी तिळगूळ घेतला, पण गोड काही बोलली नाहीत :)
छान लिहिलंय. सफारी पुढच्या वेळी. सोडणार नाही मी.

---

दहिसरची_पोर | २१ जानेवारी, रात्री १०.४५

बॅगेतून काढायचं नाही म्हटलं होतं मी!!

---

उंबर | २२ जानेवारी, सकाळी ७.००

वृत्तांत आवडला. एक कटकट करतो, राग मानू नका. "वाण गेलं" हे सासूबाईंनी म्हटलं ते ठीक, ती त्यांची माया. पण तिथे रोज शंभर लोक हौसेने माकडांना बिस्किटं, केळी, वेफर्स देतात आणि पुण्य लागलं म्हणतात. त्याने ती धीट होतात आणि मग कोणाचं तरी पोर ओरबाडतात. जंगलात त्यांना खायला भरपूर आहे. तुमच्या बाबतीत दरोडा होता, दान नव्हतं, म्हणून माफ.

---

पाणपोई | २२ जानेवारी, सकाळी ११.२०

सहसा वाचनमात्र असतो, पण सासूबाईंचा नळ वाचून लिहावंसं वाटलं. माझी सगळी नोकरी पाण्याच्या कामात गेली.

त्या ज्या नळासाठी पहाटे चारला उठायच्या, त्या नळाची सुरुवात याच जंगलात झाली. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा आलं ते विहार तलावातून, १८६० साली. तोवर शहर विहिरी आणि तलावांवर होतं, आणि ते आटले की हाल. विहारही पुरेना तेव्हा १८७९ मध्ये तुळशी झाला. दोन्ही आजच्या नॅशनल पार्कच्या हद्दीत आहेत. तिथे पर्यटकांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच. आता शहराचं बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा असं लांबून येतं, या दोघांचा वाटा अगदी थोडा. तरी पावसाळ्यात तुळशी भरून वाहायला लागला की पेपरात बातमी येते. तुळशी ओसंडला की पाणी विहारात, विहार ओसंडला की मिठी नदीत.

या तलावांभोवतीचं रान राखलं गेलं ते पाण्यासाठी. धरणाच्या वरचं जंगल तोडलं तर गाळ खाली येतो, हे त्या वेळच्या लोकांना कळत होतं. म्हणजे तुमच्या मुलीने ज्या डोंगरावर पान सोडलं, तो डोंगर शिल्लक राहिला त्याचं एक मोठं कारण चाळीतला नळ.

---

ब्राह्मी_गिरवतोय | २२ जानेवारी, दुपारी १२.००

पाणपोई, वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा. कोरांटीताई, मुलीने पन्हळ शोधली हे वाचून आनंद झाला. मी बऱ्याच मोठ्या लोकांना घेऊन गेलोय, ते पन्हळीवर पाय देऊन फोटो काढतात.

---

कोरांटी | २२ जानेवारी, रात्री ९.००

पाणपोई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे तेच पाणी होय." बाकी काही बोलल्या नाहीत. उद्या परत वाचायला लावतील असा अंदाज आहे.

---

कोरांटी | रविवार, २९ सप्टेंबर २०२४, रात्री ८.४०

धागा वर काढतेय. कारवी!

आज परत गेलो. उंबर, तुम्ही जानेवारीत सांगितलेलं सासूबाईंच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. गणपती उठल्यापासून मागे लागल्या होत्या. मुलगा आणि नवरा वरच्या उतारांपर्यंत गेले, त्यांनी पाठवलेल्या फोटोत सगळा उतार जांभळा-निळा. आम्ही खालीच थांबलो, पण पायऱ्यांच्या कडेलाही दोन-चार झुडपं फुललेली होती. आणि मधमाश्यांचा आवाज असा, की मुलीला वाटलं जवळ कुठे मोटार चालू आहे.

सासूबाईंनी एक वाळलेली काटकी उचलली, बोटाने वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या घराचा कूड याच काठ्यांचा. वर शेणमातीचा गिलावा. मला फुलं कधी दिसलीच नाहीत, फुलायच्या वर्षी मी नेमकी लालबागला." मग मला, "सात वर्षं गप्प आणि आठव्या वर्षी हे. काय गं?" असं विचारलं. काय उत्तर देणार?

पोढी काठोकाठ भरलीय. पन्हळीतून अजून बारीक धार येत होती, या वेळी पानाला फुंकर मारावी लागली नाही. डबा बॅगेतून काढला नाही. ठेपले होते.

---

उंबर | २९ सप्टेंबर, रात्री ९.०५

वा! काटकी परत तिथेच ठेवलीत ना?

---

कोरांटी | २९ सप्टेंबर, रात्री ९.०८

ठेवली. मुलीने ठेवायला लावली.

---

नवा_भिडू | २९ सप्टेंबर, रात्री ११.३०

छान माहिती. धागा पूर्ण वाचला नाही, पण कारवी बघायला यायचंय. उद्या सोमवारी चालू असतं का?